आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला प्रोग्रेस बार कसा लावावा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपचं ऑफिस घ्या. महिनाअखेर आहे. जॉबवर्कची २४० चलनं एक्सेलमध्ये तयार आहेत आणि ती जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून भरायची आहेत. हे काम ऑटोइटच्या स्क्रिप्टवर सोपवलं आणि एका चलनाला तीन सेकंद धरले, तर सगळं मिळून बारा मिनिटं लागतात. घोळ होतो तो या बारा मिनिटांतच. स्क्रिप्ट चालू आहे की कुठं अडकलीय, हे बघणाऱ्याला कळत नाही. शॉपमधून कुणीतरी येतं, "काय ओ, झालं का न्हाई अजून?" म्हणत माउस हलवतं, भलत्याच विंडोवर क्लिक होतं आणि पुढच्या चलनातलं कास्टिंगचं वजन थेट पार्टीच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडतं. स्क्रीनवर एक खरा, हलणारा बार असला की माणूस तो बघतो आणि चहाला जातो.

ऑटोइट हे माउस-कीबोर्डची कामं आपोआप करणारं, विंडोजवर चालणारं मोफत साधन आहे. त्यात तयार प्रोग्रेस विंडोसाठी तीन कमांड मिळतात: प्रोग्रेसऑन, प्रोग्रेससेट आणि प्रोग्रेसऑफ. फाइलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायच्या. पहिली विंडो उघडते, दुसरी बार पुढं सरकवते, तिसरी विंडो बंद करते.

सुरुवात एकूण संख्येपासून करा. एक्सेलची शीट वाचून ओळी ॲरेमध्ये (म्हणजे क्रमवार यादीत) घेतल्या की यूबाउंड या फंक्शनने त्यांची संख्या मिळते. शीर्षकाची ओळ त्यात धरू नका. वाचायलाच दुसऱ्या ओळीपासून घ्या. संख्या शून्य आली तर तिथेच निरोप दाखवून स्क्रिप्ट थांबवा, कारण पुढं याच आकड्याने भागायचं आहे.

आता लूपच्या, म्हणजे दर चलनासाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आधी प्रोग्रेसऑन लिहा. कंसात पहिलं विंडोचं शीर्षक, दुसरी मोठ्या अक्षरातली ओळ, तिसरी बारीक अक्षरातली ओळ. शीर्षकात 'चलन भरणे', मोठ्या ओळीत 'माउसला हात लावू नका' आणि बारीक ओळीत 'सुरू होत आहे' एवढं पुरे. मजकूर मराठीत ठेवायचा असेल तर फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसण्याची शक्यता असते.

प्रोग्रेसऑनच्या कंसातली चौथी आणि पाचवी जागा विंडो कुठं उघडावी यासाठी असते, आणि ती बहुतेक लोक रिकामी सोडतात. मग विंडो स्क्रीनच्या मधोमध येते आणि इतर सगळ्या विंडोंच्या वर राहते. तुमची स्क्रिप्ट माउसने 'सेव्ह'चं बटण दाबत असेल आणि ते बटण नेमकं बारच्या खाली झाकलं गेलं, तर क्लिक बारवर पडतो. चलन सेव्ह होत नाही, बार मात्र झोकात पुढं जातो. म्हणून डेस्कटॉपच्या रुंदीतून ३५० वजा करून येणारा आकडा चौथ्या जागी आणि १० पाचव्या जागी द्या. विंडो उजव्या वरच्या कोपऱ्यात जाईल. सॉफ्टवेअरचा मेनू तिथं असेल तर दुसरा कोपरा निवडा. सहाव्या जागी १६ दिलं की विंडो माउसने हलवताही येते, पण माउसला हात लावू नका म्हणायचं आणि विंडो हलवायची सोय द्यायची, हे मला काही पटत नाही.

रंग ओळखून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक गंमत होते. सेव्ह झाल्याची हिरवी खूण स्क्रिप्ट पिक्सेलसर्चने शोधत असेल, तर तिला बारचाच हिरवा रंग सापडू शकतो. शोधायचा चौकोन खुणेपुरताच ठेवा, म्हणजे बार त्यात येणार नाही.

लूपमध्ये टक्केवारीचा हिशेब असा: पूर्ण झालेली चलनं भागिले एकूण, गुणिले १००, आणि आलेल्या उत्तराचा पूर्णांक. २४० पैकी ६० झाली की २५. ३७ झाली की १५.४१ येतात, त्यातले १५ घ्या. ॲरेची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे चालू क्रमांकात एक मिळवायला विसरू नका, नाहीतर शेवटचं चलन भरूनही बार ९९ वरच थांबेल.

प्रोग्रेससेटची ओळ लूपमध्ये कुठं लिहायची, याला महत्त्व आहे. चलन भरायच्या आधी लिहिली तर शेवटचं चलन अजून टाइप होत असतानाच बार १०० दाखवतो, आणि बघणारा लगेच माउस हातात घेतो. ही ओळ चलन सेव्ह झाल्याची खात्री पटल्यानंतरच लिहा. सेव्ह झाल्यावर सॉफ्टवेअर जी विंडो दाखवतं तिची विनवेटॲक्टिव्हने वाट बघा, मुदत दहा सेकंद द्या. उत्तर शून्य आलं तर विंडो आलीच नाही असं समजा. अशा वेळी चलनाचा क्रमांक टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि अडकलेल्यांचा आकडा एकाने वाढवा. बारीक ओळीत 'चलन ६० / २४०, अडकलेली ३' असं दिसलं पाहिजे. नुसत्या टक्क्यांवरून मालकाला काही कळत नाही. चलनाचा नंबर दिसला की तो फाइल उघडून पडताळू शकतो.

काही जण बार घड्याळावर चालवतात: बारा मिनिटं लागतात ना, मग दर सात सेकंदांनी एक टक्का. हा खोटा बार. सॉफ्टवेअर गोठलं तरी तो सरकत राहतो, आणि एकदा ते लक्षात आलं की पुढं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

वेळ दाखवायचीच असेल तर झालेल्या कामावरून काढा. लूपआधी टाइमरइनिट, लूपमध्ये टाइमरडिफ. उत्तर मिलिसेकंदात येतं, त्याला १००० ने भागा. ४० चलनांना १२० सेकंद लागले असतील तर दर चलनाला तीन, उरलेल्या २०० ला ६०० सेकंद, म्हणजे 'अंदाजे १० मिनिटं बाकी'. पहिली दहा चलनं होईपर्यंत हा आकडा दाखवू नका, फार उड्या मारतो.

बार दिसत असला तरी टाइप होणारी अक्षरं जी विंडो पुढं असेल तिथंच जातात. प्रत्येक चलनाच्या सुरुवातीला विनॲक्टिव्हेटने अकाउंटिंगची विंडो पुढं आणा. सॉफ्टवेअर साथ देत असेल तर साध्या सेंडऐवजी कंट्रोलसेंड वापरा. ते ठरलेल्या रकान्यातच लिहितं आणि अर्धी डोकेदुखी जाते.

स्वतःची विंडो बनवून त्यात बार हवा असेल तर जीयूआयसीटीआरएलक्रिएटप्रोग्रेसने तो तयार होतो आणि जीयूआयसीटीआरएलसेटडेटाने सरकतो. ती विंडो 'शो नो ॲक्टिव्हेट' पर्यायाने उघडा, म्हणजे ती पुढं घुसणार नाही. बारचा रंग बदलायच्या नादी लागू नका. विंडोजची नेहमीची थीम चालू असताना तो बदलत नाही. ऑटोहॉटकी हे असंच दुसरं साधन वापरणाऱ्यांनी आवृत्ती बघून घ्यावी. पहिल्या आवृत्तीत प्रोग्रेस नावाची वेगळी कमांड होती, दुसरीत ती काढून टाकली आहे, तिथं जीयूआयमध्येच, म्हणजे स्वतः बनवलेल्या विंडोत, बार जोडावा लागतो.

थांबवायची सोयही द्या. हॉटकीसेटने एस्केपच्या बटणाला एक फंक्शन जोडा. त्यात फक्त 'थांबायचं आहे' असं सांगणारी एक खूण बदला आणि लूपने चालू चलन पूर्ण करून मगच थांबावं. अर्धवट चलन निस्तरणं सगळ्यात वैतागाचं. वीज जाते, यूपीएस दमतो, तेव्हाही हाच प्रश्न येतो. त्यासाठी प्रत्येक सेव्हनंतर शेवटचा क्रमांक इनिराइटने फाइलमध्ये लिहा आणि सुरू होताना इनिरीडने वाचा. ९६ वर थांबलेली स्क्रिप्ट ९७ पासून सुरू होईल. बारची टक्केवारी मात्र पूर्ण २४० वरच काढा, म्हणजे तो ४० टक्क्यांपासून पुढं जाईल. सगळी चलनं संपली की फाइलमधला क्रमांक शून्य करा, नाहीतर पुढच्या महिन्यात स्क्रिप्ट उघडल्या उघडल्या 'काम पूर्ण' म्हणेल.

शेवटी १०० टक्क्यांवर दीड सेकंद स्लीप देऊन प्रोग्रेसऑफ करा, आणि मेसेजबॉक्समध्ये भरलेली किती, अडकलेली किती आणि अडकलेल्यांची यादी कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते दाखवा.