'नाइस' शब्दाच्या बाबतीत या चुका टाळा

नाइस हा शब्द केजीतल्या पोरालापण येतो, म्हणूनच बहुतेक त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. पहिला घोळ होतो तो मूळ अर्थावरून. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं, त्यावरून 'नेस्कियुस' म्हणजे अडाणी, आणि सायन्स हा शब्दसुद्धा याच स्कीरेच्या घरातला बरं का. जुन्या फ्रेंचमधून साधारण 1300 च्या सुमारास तो इंग्लिशमध्ये आला तेव्हा अर्थ होता मूर्ख, मग लाजाळू, नाजूक, चोखंदळ, काटेकोर असं करत करत 18व्या शतकात कुठे 'छान' रुळला. पण एवढं वाचून कोणी नाइस म्हटलं की "अरे तो तुला मूर्ख म्हणतोय" असं सांगत सुटू नका, ते चूक आहे. आज लोक शब्द कसा वापरतात त्यावर आजचा अर्थ ठरतो.

याच्या उलटी चूक जुनं इंग्लिश वाचताना होते, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूचं पत्र रोमिओला मिळतच नाही, हे कळल्यावर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. आजचा अर्थ लावला तर पत्र चांगलं नव्हतं असं होतं ना? पण इथे नाइस म्हणजे किरकोळ! पत्र किरकोळ नव्हतं, खूप महत्त्वाचं होतं, आणि हेच निसटलं तर त्याची घबराटच कळत नाही. त्यामुळे जुन्या वाक्यात 'छान' बसत नसेल तर किरकोळ, चोखंदळ, सूक्ष्म असे अर्थ लावून बघा. सूक्ष्म तर अजूनही चालतो, 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीकसा फरक.

बोलताना 'शी सिंग्ज नाइस' नको, 'नाइसली' म्हणा, पण 'यू लुक नाइस' बरोबर आहे, तिथे नाइसली घुसवू नका कारण तिथे दिसण्याच्या क्रियेबद्दल नाही, माणसाबद्दल बोलतोय आपण. पहिल्यांदा भेटताना 'नाइस टू मीट यू', निघताना 'नाइस मीटिंग यू'.

आणि फ्रान्समधल्या शहराचं स्पेलिंग हेच असलं तरी त्याला नीस म्हणायचं, ते नाव ग्रीक 'निकाया'वरून आलंय, विजयाशी संबंधित, या शब्दाशी त्याचं काही नातं नाही.