आकडा उचलण्याआधी : पुण्यात पर्यावरणाची मुक्त पत्रकारिता कशी करावी

मुठेवर फेस दिसला, टेकडीवर जेसीबी चढला, की 'यावर लिहायला हवं' असं वाटतंच. पण संपादकाला 'मुळा-मुठेच्या प्रदूषणावर लिहू का?' असा मेल पाठवलात तर उत्तर येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रदूषण हा विषय झाला. अमुक मैलापाणी शुद्धीकरण केंद्र तीन उन्हाळे निम्म्या क्षमतेनेच चाललं आणि त्याचे कागद तुमच्या हातात आहेत, ही बातमी झाली. मेल दीडशे शब्दांत बसवा. नवीन काय, कागद कोणता, कोणाशी बोलणार, किती शब्दांत आणि कधी देणार, एवढंच लिहा. स्वतःच्या तळमळीबद्दल अक्षरही नको. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर दुसरं दार वाजवा. एकच बातमी एकाच वेळी चौघांकडे पाठवू नका. पुण्यातलं हे वर्तुळ लहान आहे.

कागद मिळवणं

बरेचसे कागद उघड्यावरच असतात. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाण्याच्या व हवेच्या नोंदी, हवामान विभागाचे पावसाचे आकडे, 'परिवेश' संकेतस्थळावर प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. हे अहवाल फार कमी जण उघडतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे दाखल होणारी प्रतिज्ञापत्रं म्हणजे यंत्रणांनी शपथेवर दिलेले आकडे, आणि पत्रकार परिषदेतले आकडे त्यांच्याशी नेहमी जुळतातच असं नाही.

जे उघड नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. 'नदी स्वच्छ का होत नाही?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असा एका ओळीचा कागद येईल, आणि नियमाने तो बरोबरही असेल. कारणं मागू नका, दप्तरातला कागद मागा. 'अमुक केंद्राच्या १ जानेवारी ते ३१ मे या काळातील दैनंदिन आवक-जावक नोंदवहीच्या प्रती' असं लिहिलं की टोलवाटोलवीला जागा उरत नाही. या कायद्याने कागदपत्रांची पाहणी करण्याचाही हक्क दिला आहे. ढीगभर झेरॉक्स मागण्यापेक्षा जाऊन पाहा आणि हव्या तेवढ्याच पानांच्या प्रती घ्या.

आकडा तपासणं

नवशिके हमखास घसरतात ते इथे. मुरलेलेही घसरतात. 'तज्ज्ञांना विचारा' हा सल्ला सगळे देतात, पण काय विचारायचं ते कोणी सांगत नाही. कोणताही आकडा समोर आला की पाच गोष्टी त्याच्याशेजारी लिहा : कुठे मोजला, कधी मोजला, एकक काय, कोणत्या मानकाशी तुलना होते आहे, आणि मोजणारा कोण. यातली एक जरी रिकामी राहिली तरी तो आकडा लेखात जाणार नाही. संपादक कितीही घाई करो.

नदीच्या पाण्याचा तक्ता घ्या. त्यात डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन. आपल्याकडे बीओडी सहसा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात, तर परदेशी शोधनिबंधांत २० अंशाला पाच दिवस. दोन्ही आकडे एका वाक्यात आणण्याआधी पद्धत पाहा. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी आणि डीओ ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, असं मानक आहे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं मानक वेगळं असतं. त्यामुळे १० बीओडीचं पाणी केंद्राच्या दारात 'मानकात' असू शकतं आणि तोच १० नदीत मिळाला तर आंघोळीच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असतो. 'मानकानुसार आहे' हे वाक्य अधिकाऱ्याने उच्चारलं की पुढचा प्रश्न एकच : कोणत्या?

त्याच तक्त्यातल्या चुका पकडायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. सीओडी, म्हणजे घाणीचं रसायनाने विघटन करायला लागणारा ऑक्सिजन, हा बीओडीपेक्षा जास्तच असायला हवा, कारण जीवाणूंना न पचणारी घाणही त्यात मोजली जाते. बीओडी जास्त दिसला तर रकाने उलटसुलट झालेत किंवा टंकताना चूक झाली आहे. फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जीवाणू, हा एकूण कॉलिफॉर्मचाच भाग, त्यामुळे तो एकूणपेक्षा मोठा असू शकत नाही. जीवाणूंच्या रकान्यात आकड्याआधी 'पेक्षा जास्त'ची खूण असेल तर ती काढून टाकू नका. मोजपट्टी तिथे संपली, खरा आकडा त्याच्या वर कुठेतरी आहे, असा तिचा अर्थ.

वेळेकडेही लक्ष हवं. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी डीओ चढतो, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्रभर तोच ऑक्सिजन वापरला जातो आणि पहाटे डीओ खाली येतो. एकाच जागेचे सकाळचे आणि दुपारचे नमुने शेजारी ठेवून 'सुधारणा' जाहीर करता येत नाही. जुलैचा बीओडी मेपेक्षा कमी येतो तो पावसाच्या पाण्याने पातळ झाल्यामुळे, कोणी नदी साफ केली म्हणून नव्हे. तुलना मेची मेशी करा, आणि जागाही तीच ठेवा. खडकवासल्याखालची मुठा, विठ्ठलवाडीची मुठा आणि संगमापुढे मुंढव्याला पोहोचलेली मुळा-मुठा यांना 'पुण्याची नदी' म्हणून एकाच सरासरीत कोंबण्यात अर्थ नाही.

मैलापाण्यात घोळ असतो तो 'क्षमता' या शब्दाचा. 'अमुक इतक्या एमएलडीची केंद्रं उभारली' या वाक्यात पाणी प्रत्यक्ष किती शुद्ध झालं हे कुठेही नाही. एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर. क्षमता, प्रत्यक्ष पोहोचलेलं मैलापाणी आणि शुद्ध होऊन बाहेर पडलेलं पाणी हे तीन वेगळे आकडे मागा. वाहिनीच जोडलेली नसेल तर कोरं करकरीत केंद्रही नाल्याकडे बघत उभं राहतं.

धरणांच्या बातमीत टीएमसी आणि क्युसेकचा गोंधळ दर पावसाळ्यात होतो. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग. त्यामुळे 'क्युसेक प्रतिसेकंद' हे लिहिणं म्हणजे 'ताशी वेग प्रतितास' लिहिण्यासारखं आहे. साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. हा आकडा पाठ करा, बातमीतली निम्मी अतिशयोक्ती जागेवर उघडी पडते. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी, त्यात खुद्द खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. 'खडकवासला भरलं, पाण्याची चिंता मिटली' हा मथळा म्हणूनच फसवा. खरं पाणी पानशेत आणि वरसगावात असतं. शहराच्या गरजेशी जोडायचं असेल तर वर्षाला एक टीएमसी म्हणजे दिवसाला साधारण ७७.६ एमएलडी, असा हिशेब करा.

पावसात दोन खड्डे. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो, म्हणून २५ तारखेच्या नोंदीत २४ तारखेच्या संध्याकाळची सर असते. दुसरा खड्डा 'ढगफुटी'. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. सिंहगड रस्त्यावर गाड्या तरंगल्या म्हणून ढगफुटी होत नाही. तिथे बऱ्याचदा ओढे बुजवल्याची बातमी असते आणि हा शब्द ती झाकून टाकतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' अशी विभागाची वर्गवारी आहे, तीच वापरा. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगावचे आकडे एकाच दिवशी खूप वेगळे असू शकतात, म्हणून 'पुण्यात इतका पाऊस' असं न लिहिता केंद्राचं नाव घाला.

हवेचं सगळ्यात वाईट. एक्यूआय म्हणजे धुळीचं वजन नव्हे, तो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे. आपल्या पद्धतीत पीएम २.५ चं, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचं, २४ तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते आणि 'आरोग्याला अपायकारक' ठरते. मोबाइलमधली कित्येक अ‍ॅप अमेरिकी पट्टी वापरतात. एका पट्टीचा आकडा घेऊन त्याला दुसऱ्या पट्टीचं विशेषण लावणं ही या क्षेत्रातली सर्वांत फैलावलेली चूक असेल. वार्षिक तुलनेतही मानकाचं नाव लिहा : पीएम २.५ साठी भारताचं वार्षिक मानक ४०, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५.

झाडांबद्दल एवढंच की 'वनाच्छादन' म्हणजे जंगल नव्हे. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठा आणि निदान १० टक्के छत्र असलेला कोणताही तुकडा येतो. मालकी कोणाचीही असो, फळबागही चालते. टेकड्यांवरची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) लावलेली दाटी उपग्रहाला हिरवीच दिसते.

माणसांशी बोलणं

पाषाण-बाणेर पट्ट्यात हवामानाच्या आणि रसायनाच्या मोठ्या संस्था आहेत, कोरेगाव पार्कात वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं. सरकारी संस्थांतल्या अनेकांना माध्यमांशी बोलायला परवानगी लागते, तेव्हा मुदतीच्या आदल्या दिवशी फोन करून राग मानू नका. शोधनिबंधावर पत्रव्यवहाराचा पत्ता असतो, तिथे तीनच प्रश्न पाठवा. त्यातला एक नेहमी हा : 'या अभ्यासावरून काय म्हणता येणार नाही?' शास्त्रज्ञ इथे खुलतात, आणि तुमचा मथळा चुकण्यापासून वाचतो. ज्याच्या नकाशातला एक चौकोन २५ किलोमीटरचा, ते हवामानाचं संगणकी प्रारूप (मॉडेल) कोथरूडबद्दल वेगळं काही सांगू शकत नाही. हे त्यांच्याच तोंडून ऐका. निबंधाची प्रत अजून समीक्षकांकडे गेलेली नसेल तर तसं लेखात लिहा. विरोधात बोलणारा दुसरा तज्ज्ञ हवा, पण तो त्याच विषयातला हवा. निवृत्त अभियंता जैवविविधतेवर आणि वनस्पतितज्ज्ञ भूजलावर बोलू लागला की वही मिटा.

'लेख आधी दाखवा' म्हणाले तर लेख दाखवू नका. त्यांच्या नावावर जाणारी वाक्यं आणि त्यातले आकडे फोनवर वाचून दाखवा. तथ्याची चूक दुरुस्त करा. 'हे जरा सौम्य करा'ला नम्रपणे नाही म्हणा.

जागेवर जाणं

जा. तारीख, वेळ, ठिकाण यांसह फोटो काढा. मात्र पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी भरून प्रयोगशाळेत नेऊ नका. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत चाचणीला लावावा लागतो, जीवाणूंसाठी बाटली निर्जंतुक हवी, डीओ तर जागेवरच मोजावा किंवा रसायन घालून बांधून ठेवावा लागतो. एवढी सोय नसेल तर मंडळाच्याच नोंदी वापरा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला येणार असेल तर गोष्ट वेगळी.

लिहिणं आणि पैसे

एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त आकडे नकोत. बाकीचे तक्त्यात.

मानधन, मुदत, शब्दसंख्या आणि हक्क कामाआधी मेलवर घ्या, फोनवर ठरलेलं ठरलेलं नसतं. नोकरीत नसलेल्या लेखकाकडेच मुळात लेखाचा कॉपीराइट असतो आणि तो देऊन टाकायला लेखी करार लागतो. म्हणून 'प्रथम प्रकाशनाचा हक्क' एवढेच शब्द वापरा आणि 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीवर सही करण्याआधी मानधन वाढवून मागा. बिल लेखासोबतच पाठवा, त्यावर पॅन आणि बँक तपशील घाला. टीडीएस कापला असेल तर तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतो का, ते वर्षअखेर न विसरता पाहा.

प्रत्येक लेखाची एक फाइल ठेवा : मूळ कागद, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण, आणि ती पाच गोष्टींची यादी. छापून आल्यावर कोणी चूक दाखवली तर आधी फाइल उघडा, मग फोन उचला. चूक तुमचीच निघाली तर संपादकाला त्याच दिवशी कळवा आणि ऑनलाइन आवृत्तीत काय बदललं ते तारखेसह खाली लिहायला सांगा. आकडा गुपचूप बदलू देऊ नका, जुन्या पानाचा स्क्रीनशॉट कोणीतरी घेतलेला असतोच.