गोठलेल्या सिमकोवर गरवायला जाताय? या चुका टाळा

जानेवारीच्या अखेरीस केझिक गावाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कॅनडातलं, टोरोंटोच्या उत्तरेचं सिमको सरोवर म्हणजे एक अफाट पांढरं मैदान वाटतं. दूरवर लाकडी झोपड्या, मधूनच धावणाऱ्या स्नोमोबाइल, उलट्या बादलीवर बसलेली माणसं. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका या मैदानाच्या भासातूनच होतात. वरून सगळं सपाट आणि सारखं दिसत असलं तरी खाली सव्वासातशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं सरोवर आहे. दक्षिणेचा कुक्स बे उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेला, तर बॅरी शहराकडचा केम्पेनफेल्ट बे चाळीस मीटरच्या आसपास खोल. बर्फ, मासे आणि पाणी तिन्ही जागेप्रमाणे बदलतात.

माझं बालपण देवगडजवळच्या खाडीकाठी गेलं. तिथे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. सिमकोवर गरवायला लागून बारा हिवाळे झाले. टोरोंटोच्या आसपासची बरीच मराठी कुटुंबं हल्ली एकदा तरी तिथे जाऊन येतात, आणि परतल्यावर त्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बर्फ एकाच ठिकाणी मोजणं

किनाऱ्याजवळ एक भोक पाडायचं, हातभर बर्फ दिसला की निर्धास्त होऊन दोन किलोमीटर आत चालत जायचं, ही सगळ्यात घातक चूक. उथळ कुक्स बे लवकर गोठतो. केम्पेनफेल्टचं खोल पाणी थंड व्हायला वेळ घेतं, त्यामुळे तिथला बर्फ बऱ्याच उशिरा धरतो. एकाच दिवशी एका उपसागरावर झोपड्या उभ्या असतात आणि दुसऱ्यावर लाटा.

जिथे पाणी हलतं तिथे बर्फ कधीच भरवशाचा नसतो. हॉलंड नदीचं मुख तसं आहे. उत्तरेला ओरिलियाजवळ सिमकोचं पाणी कूचिचिंग सरोवरात जातं ती ॲथर्लीची चिंचोळी वाटही तशीच. त्या चिंचोळ्या जागेत मूळनिवासी लोकांनी पाण्यात लाकडी खांब रोवून माशांसाठी कुंपण घातलं होतं. साडेचार हजार वर्षांहून जुने ते म्निजिकनिंगचे बांध आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहेत. पाणी इथे वाहतं आणि मासा इथूनच जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. मासे अडवायला जी जागा उत्तम, तीच बर्फावर चालायला वाईट.

चालण्यासाठी स्वच्छ, निळसर, कडक बर्फ निदान 10 सेंटीमीटर हवा असं सांगतात. मी 15 पेक्षा कमी असेल तर कुटुंबाला नेत नाही. पांढरा, दुधाळ बर्फ हा भिजलेल्या हिमाचा बनतो आणि त्याची ताकद साधारण निम्मी धरायची, म्हणजे तो दुप्पट जाड हवा. वर हिमाची जाड गादी पडली असेल तर ती गोधडीसारखं काम करते आणि खालचा बर्फ वाढू देत नाही. म्हणून जोरदार हिमवर्षावानंतर, थंडी कडाक्याची असली तरी, पुन्हा मोजायचं.

हातात टोकदार पहार घ्या आणि चालताना पुढे ठोकत जा. आवाज बदलला, पोकळ वाटला किंवा पहार आत शिरली की आल्या पावली मागे फिरा. लाकडी मुठीचे दोन खिळे, ज्यांना इथे आइस पिक म्हणतात, गळ्यात बांधलेले हवेत. पिशवीत ठेवलेले खिळे पाण्यात पडल्यावर कामाला येत नाहीत.

पाण्यात पडलंच तर काय, हे जाण्याआधी घरी सगळ्यांना समजावून सांगा. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गिझब्रेख्त यांनी थंड पाण्याचा शरीरावरचा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला. त्यांचं सूत्र 1-10-1 असं आहे. पहिलं एक मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास ताब्यात आणायचा. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतात, तेवढ्यात बाहेर यायचं. शुद्ध हरपायला मात्र जवळपास एक तास लागतो. म्हणजे घाबरून पहिल्याच मिनिटात दम घालवू नये. ज्या बाजूने आलात त्याच बाजूच्या काठावर वळा, कारण त्या बर्फाने तुमचं वजन आताच पेललेलं असतं. खिळे रोवा, पाय पोहल्यासारखे मारा, पोटावर सरका आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जा.

तंबूत हीटर लावून सगळ्या चेनी बंद करणं हीदेखील जीवघेणी चूक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक खिडकी कायम उघडी ठेवा आणि बॅटरीवर चालणारा अलार्म सोबत न्या. मुलांना जीन्स घालून नेऊ नका. ओली झालेली जीन्स अंगावरच कडक होते.

आई-बाबांना लायसन्स लागत नाही असं धरून चालणं

ही खास आपल्या लोकांची चूक. ऑन्टॅरियोत 18 वर्षांखालच्या आणि 65 वर्षं व त्यावरच्या रहिवाशांना लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, हे ऐकून भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या हातात रॉड दिला जातो. ती सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुणे म्हणून आलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना लायसन्स लागतं. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीत लायसन्सविना मासेमारीची मुभा असते, तीही कॅनडाच्या रहिवाशांनाच. पाहुण्यांसाठी एक दिवसाचं लायसन्स मिळतं, ते काढा. माझे वडील आले तेव्हा मी ते काढलं होतं, आणि त्या दिवसाबद्दल पुढे सांगतोच.

बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात, पण दोन्ही नजरेसमोर आणि 60 मीटरच्या आत हवेत. पर्च जातीचे मासे ठेवण्याची मर्यादा पूर्ण लायसन्सवर 50 आणि कमी मासे ठेवू देणाऱ्या कॉन्झर्व्हेशन लायसन्सवर 25 आहे. मासेमारीच्या नियमांसाठी प्रांताचे झोन पाडलेत, त्यात सिमको झोन 16 मध्ये येतं. ट्राउट, पाइक, वॉलाय यांचे हंगाम वेगवेगळे असतात, तेव्हा त्या वर्षीचे नियम जाण्याआधी वाचा.

एकाच भोकापाशी दिवस काढणं

रिकाम्या हाताने परतण्याचं हे पहिलं कारण. ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडणं दमवणारं काम आहे, म्हणून एकदा पाडलं की माणूस त्याच्याशी लग्न लावतो. पण पिवळा पर्च थव्याने फिरतो. थवा गेला की तिथे तासभर बसून काही होत नाही. मी पोहोचल्यावर आधी दहा-बारा भोकं पाडून घेतो, उथळाकडून खोलाकडे, पंधरा-वीस पावलांच्या अंतराने. मग प्रत्येकी दहा मिनिटं. काहीच हालचाल नसेल तर पुढे. सगळी भोकं सुरुवातीलाच पाडायची, कारण उथळ पाण्यात ऑगरच्या आवाजाने मासे बिथरतात आणि त्यांना परत शांत व्हायला वेळ लागतो. भोकात साचणारा बर्फ काढायला इथे खास झारा मिळतो. स्वयंपाकघरातला लोखंडी झारासुद्धा चालतो.

उठताना भोकाशेजारी एक काटकी खोचून ठेवा. नंतर येणाऱ्याचा, विशेषतः लहान मुलाचा, पाय त्यात अडकू नये.

कुक्स बेमध्ये पाणवनस्पती कुठे आहेत यावर सगळं अवलंबून असतं. हिरव्या, जिवंत झाडोऱ्यात पर्च असतो. तोच झाडोरा कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे बाहेर पडतात. गळाला तपकिरी, वास मारणारी पानं येत असतील तर ती जागा सोडा. हिरवी येत असतील तर तिथेच थोडं सरकून बघा.

पर्च डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे उजेड गेला की तो थांबतो. दुपारी बारा वाजता निवांत पोहोचून संध्याकाळी सातपर्यंत बसणाऱ्यांचा बराच वेळ फुकट जातो. सकाळी उजाडताना दोरी पाण्यात हवी.

जाड दोरी, मोठं आमिष, जोराचा हिसका

उन्हाळ्यातला रॉड आणि दहा पौंडांची दोरी घेऊन येणारे खूप दिसतात. बर्फाखाली गोष्ट उलटी असते. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाचं पाणी तुलनेने उबदार आणि बर्फालगतचं गार. बहुतेक मासे खाली असतात, शरीर मंद चालतं आणि घास अगदी हलका घेतात. दोन ते चार पौंडांची दोरी, लहान टंगस्टन जिग (वजन जोडलेला गळ) आणि त्यावर एक-दोन मॅगट (माशीच्या अळ्या) किंवा बोटाच्या पेरापेक्षा लहान शायनर (आमिषाचा छोटा मासा) एवढंच पर्चला पुरतं. टंगस्टन शिशापेक्षा जड असल्याने लहान जिगसुद्धा पटकन तळाला जातो. वेणीची दोरी उघड्यावर वापरू नका. ती पाणी शोषते आणि गोठून काठीसारखी होते.

आता वडिलांचा तो दिवस. आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, माझ्याजवळ मासे दाखवणारं यंत्र, त्यांच्याजवळ नुसता छोटा रॉड. यंत्रावर मला मासा दिसायचा, वर यायचा, थांबायचा आणि निघून जायचा. त्यांना मात्र एकामागून एक मिळत होते. शेवटी ते म्हणाले, "अरे, दोरी बोटार घे. काठीर कळूचा नाय." त्यांनी हातमोज्यातून तर्जनी बाहेर काढली होती आणि दोरी त्या पेरावर ठेवली होती. थंड पाण्यातला पर्च ओढत नाही, तो आमिष तोंडात घेऊन किंचित वर येतो. तेव्हा ओढ लागण्याऐवजी दोरीचा भार एकदम हलका होतो. खाडीत खेकड्यासाठी आणि गोड्या माशासाठी ते हेच करत आले होते. तेव्हापासून दोरी हलकी लागली की मी मनगट चार बोटं वर उचलतो. हिसका देत नाही.

रॉडच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावली तरी हेच काम होतं आणि बोट गारठत नाही.

मासा दिसतोय पण खात नाही

यंत्रावर मासा आमिषापर्यंत येऊन परत फिरत असेल तर बहुतेकदा जिग स्वतःभोवती फिरत असतो. दोरीला पीळ पडलेला असतो. जिगच्या हातभर वर लहान स्विव्हल (फिरती कडी) बांधा, किंवा दोरी सोडून पीळ निघू द्या. तरीही नाही घेतला तर जिग हलवणं पूर्ण थांबवा आणि अगदी सावकाश वर न्या. मासा पाठोपाठ वर आला तर तो भुकेला आहे.

घास लागतो पण अडकत नाही, तेव्हा आमिष मोठं आहे. मॅगटचं टोक फक्त हुकवर ठेवा.

फक्त बोटाएवढेच मासे येतात ही तक्रार नेहमीची. एका वयाचे, एका आकाराचे पर्च एकत्र राहतात. तिथेच बसून लहान सोडत मोठ्याची वाट बघू नका. यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्चची हवेची पिशवी घशाला जोडलेली नसते. दहा मीटरहून खोल पाण्यातून त्याला वर ओढलं की आतली हवा फुगते आणि ती बाहेर टाकायला वाट नसते. असा मासा पाण्यात सोडला तरी बहुधा जगत नाही. खोल जागी लहान मासे लागायला लागले तर गळ वर घ्या आणि जागा बदला.

ट्राउटला बर्फावर लोळवून फोटो काढणं

केम्पेनफेल्टमध्ये लेक ट्राउट लागणं हा मोठा आनंद आहे, पण त्याच्यामागची गोष्ट माहीत असावी. शेती आणि वस्तीतून आलेल्या फॉस्फरसने शेवाळ वाढलं, ते कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू संपू लागला आणि 1960च्या दशकात ट्राउटचं नैसर्गिक प्रजनन जवळपास थांबलं. तेव्हापासून हॅचरीतली पिल्लं सोडून ही जात टिकवली गेली. 2008 मध्ये सिमको सरोवराच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. सोडलेल्या पिल्लांचा एखादा पर ओळखीसाठी कापलेला असतो. हाती आलेल्या माशाचे सगळे पर शाबूत असतील तर तो सरोवरातच जन्मलेला असण्याची शक्यता मोठी. असा मासा मी सोडतो. तुम्हीही सोडावा असं मनापासून वाटतं.

सोडायचा मासा हिमावर ठेवू नये. उणे पंधरामध्ये डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठतात. हातमोजा काढून हात ओला करा, हुक भोकापाशीच सोडवा, डोकं खाली करून पाण्यात द्या. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा.

बादली भोकात रिकामी करणं

निघताना उरलेले शायनर आणि पाणी भोकात ओतणं दयेचं वाटतं. ते बेकायदा आहे आणि सरोवराला घातकही. राउंड गोबी नावाचा परका मासा 2000च्या दशकात पेफरलॉ नदीच्या बाजूने इथे पसरला आणि आता सगळीकडे आहे. बादलीचं पाणी कुठल्याही जलाशयापासून 30 मीटरहून दूर, जमिनीवरच ओता. आमिष त्याच भागातल्या दुकानातून घ्या, पावती जपून ठेवा आणि उरलेलं दुसऱ्या सरोवरावर नेऊ नका.

घरी आणल्यावर

बर्फावर फिले, म्हणजे काटे काढलेले मांसाचे तुकडे, कापलेत तर प्रत्येकावर कातडीचा तुकडा ठेवा, अधिकाऱ्याला जात ओळखता आणि संख्या मोजता आली पाहिजे. घरी ती कातडी काढून टाका. पर्चचे खवले फार चिवट असतात, बांगड्यासारखा अख्खा तळायला गेलात तर तोंडात येतात. मोठ्या ट्राउटमध्ये पारा साठतो, म्हणून प्रांत सरकारचं मासे खाण्याविषयीचं मार्गदर्शन बघून ठरवा, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर. लहान पर्च त्या मानाने निर्धोक.

फिले पातळ आणि बिनचरबीचे असतात. आगळ आणि मीठ दहा मिनिटांपेक्षा जास्त लावून ठेवलं तर मांस भुसभुशीत होतं. तिखट, हळद, वर तांदळाचं पीठ आणि थोडा रवा. तवा चांगला तापलेला हवा, आणि एका बाजूला दीड-दोन मिनिटांहून अधिक ठेवू नका.