‘कोर्ट बंद आहे’ म्हणून बसू नका: घटस्फोट आणि फौजदारी केसमधल्या या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली त्या आठवड्यात पक्षकारांच्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये एकच प्रश्न असायचा: “मॅडम, कोर्ट बंद आहे, मग आता आपल्याला काही करायचं नाही ना?” पुण्यात कौटुंबिक न्यायालय आणि मॅजिस्ट्रेट कोर्ट अशा दोन्हीकडे माझं काम चालतं. त्या समजुतीतून झालेले घोळ मी आजही निस्तरते आहे. तेव्हा अर्धवट राहिलेली कामं अजून बोर्डावर येतात आणि तेव्हा रुळलेल्या ऑनलाइन पद्धती आता कायमच्या झाल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला स्वतःहून दखल घेऊन मुदती वाढवल्या. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. पण ही सवलत दावा, अर्ज, अपील दाखल करण्याच्या मुदतीपुरती होती. दरमहा द्यायची पोटगी थांबली नव्हती. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधला संरक्षण आदेश थांबला नव्हता. पोलिसांना आरोपपत्र दाखल करायला असलेले दिवसही चालूच होते. कोणत्या गोष्टीची मुदत थांबली आणि कोणत्या गोष्टीची नाही, हा फरक न कळल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका झाल्या.

पगार कापला म्हणून पोटगी आपल्या मनाने कमी करणं

सर्वांत जास्त थकबाकी याच चुकीने झाली. कंपनीने पगार अर्धा केला, नवऱ्याने पोटगी अर्धी केली, बायको फोनवर “बरं, बघू नंतर” म्हणाली. दोन वर्षांनी वसुलीचा अर्ज आला तेव्हा त्या फोनवरच्या बोलण्याचा कागद कुणाकडेच नव्हता. कोर्टाचा आदेश कोर्टच बदलू शकतं. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी-जास्त करायला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२७ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४६ आहे. पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट जोडून अर्ज करा आणि निकाल लागेपर्यंत जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहा. रोख देऊ नका. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नोकरी गेली होती हे खरं असलं तरी अर्ज नसेल तर कोर्टापुढे तुमची बाजू लंगडी पडते.

दोघांचं खरंच ठरलं असेल तर दोघांच्या सह्यांची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, द्या. एक पानाचं काम आहे.

स्त्रियांच्या बाजूने झालेली चूक वेगळी होती: कोर्ट उघडेपर्यंत थांबणं. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्जाला जितका उशीर, तितके महिने हातचे गेले. त्याच निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं आहे. ते मोघम भरू नका, समोरचा वकील तुमच्या इन्स्टाग्रामवरचे फोटो काढून उलटतपासाला उभा राहतो. थकबाकीची वसुली वर्षाच्या आत मागायची असते, तेही विसरू नका.

प्रवासबंदीत माहेरी अडकलेल्या कितीतरी जणींना वाटलं की केस सासरच्या गावातच करावी लागेल. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज तात्पुरत्या राहत्या ठिकाणीही करता येतो. हिंदू विवाह कायद्याखाली बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात याचिका चालते. ४९८अ ची, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची तक्रारही आसरा घेतलेल्या गावी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

एकाच घरात अडकलो, आता केस संपली असं समजणं

परस्पर संमतीच्या घटस्फोटाला किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. टाळेबंदीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघं अडकली आणि अनेकांना वाटलं की वर्ष आता पहिल्यापासून मोजायचं. कायदा असं म्हणत नाही. सुरेष्टा देवी प्रकरणात, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नवरा-बायको म्हणून न नांदता एका छपराखाली राहणं हेही वेगळं राहणंच. पण ते दाखवता आलं पाहिजे: वेगळी चूल, वेगळा खर्च, त्या काळातले एकमेकांना पाठवलेले मेसेज.

क्रूरतेच्या केसमध्ये मात्र सावध राहा. समोरून बचाव येतो की तुम्ही सगळं माफ करून पुन्हा नांदायला लागलात. यातला मूळ निकाल पुण्यातल्याच दास्ताने दाम्पत्याचा आहे, १९७५ चा. तिथे क्रूरता सिद्ध झाली होती, तरी त्यानंतर दोघं नवरा-बायकोसारखी राहिली म्हणून पतीची मागणी फेटाळली गेली. नाइलाजाने एका घरात राहणं आणि माफ करून नांदणं यात फरक आहे. तो सरतपासाच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात तारखांसह लिहा. उलटतपासात आठवून सांगू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

घरातूनच साक्ष देणं

२०१७ मध्ये संथिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक केसमध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर मर्यादा घातल्या होत्या: समझोत्याचे प्रयत्न फसल्यावर आणि दोघांची संमती असेल तरच. साथीत ही मर्यादा सैल झाली. त्याचा फायदा झाला, विशेषतः अमेरिकेत किंवा आखातात अडकलेल्यांना. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्येच परदेशातल्या पत्नीला मुखत्यारपत्रामार्फत आणि स्काइपवरून संमतीचा घटस्फोट चालवायला परवानगी दिली होती.

पण मी जे पाहिलं ते सांगते. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवलेला. मागे कुकरच्या शिट्ट्या. तडजोडीच्या अटी मान्य आहेत का, असं विचारल्यावर बाई ‘हो’ म्हणते, पण प्रत्येक उत्तराआधी तिची नजर डावीकडे जाते. डावीकडे कोण आहे ते कॅमेऱ्यात येत नाही. न्यायाधीशांनी फोन खोलीभर फिरवायला सांगितला तेव्हा दारात दीर उभा दिसला.

अशा संमतीला काही अर्थ नाही, आणि ज्या पक्षाला ती हवी होती त्याचंही नुकसानच होतं, कारण पुढे डिक्रीला, म्हणजे घटस्फोटाच्या हुकुमाला, आव्हान मिळतं. साक्ष किंवा संमती सासरच्या घरातून देऊ नका. कोर्टाच्या आवारातला व्हिडिओ कक्ष किंवा ई-सेवा केंद्र मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सुनावणीचं रेकॉर्डिंग करू नका, स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. या केसेस बंद दाराआड चालतात ते तुमच्याच भल्यासाठी आहे.

डिक्री मिळाली म्हणून फौजदारी केस संपली असं धरणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संमतीपत्रात एक ओळ असते: ‘उभय पक्ष एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेतील.’ साथीच्या काळात कोर्टंही शक्य तिथे संमतीच्या घटस्फोटातला पहिल्या आणि दुसऱ्या जबाबामधला सहा महिन्यांचा थांबा माफ करत होती. अमरदीप सिंग प्रकरणात, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याला वाट दिलीच होती: एकूण दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असेल, पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं असेल, तर पहिल्या जबाबानंतर आठवड्याने अर्ज करता येतो. डिक्री हातात आली, लोकांनी पेढे वाटले, काहींनी दुसरं लग्नही केलं. तीन वर्षांनी पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ४९८अ ची केस मॅजिस्ट्रेटकडे तशीच प्रलंबित निघाली. काही ठिकाणी गैरहजेरीमुळे अजामीनपात्र वॉरंटही निघालेलं होतं.

पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बायको स्वतः मागे घेऊ शकते. ४९८अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं कलम ८५, तसं मागे घेता येत नाही, कारण त्यात फिर्यादी सरकार असतं. त्यासाठी उच्च न्यायालयात एफआयआर आणि आरोपपत्र रद्द करून घ्यावं लागतं. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४८२ ची याचिका म्हणत, आता नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ५२८. तिथे पत्नीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं आणि तिची ओळख पटवून घेतात. सासू, दीर, नणंद आरोपी असतील तर त्या प्रत्येकाचं नाव याचिकेत हवं. नणंदेचं नाव राहून गेलं म्हणून तिच्यापुरती केस उरल्याचं मी पाहिलं आहे.

संमतीपत्र करतानाच रक्कम टप्प्यांत बांधा: काही पहिल्या जबाबाला, काही डिक्रीला, आणि शेवटचा मोठा हप्ता उच्च न्यायालयात केस रद्द होईल त्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने. यात पत्नीचंही संरक्षण आहे. तिने आधी ना-हरकत दिली आणि पैसे अडकले, तर ती पुन्हा वसुलीच्या रांगेत उभी राहते. आणि संमती डिक्रीपर्यंत टिकावी लागते. मधे कुणीही ती काढून घेऊ शकतं, म्हणून दुसरा जबाब विनाकारण लांबवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस न उघडणं

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ईमेलबरोबर व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांतूनही नोटीस-समन्स पाठवायला मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्येच निळ्या टिकांवरून नोटीस मिळाल्याचं मानलं होतं. म्हणून दुर्लक्ष केलंत तर निकाल एकतर्फी होतो आणि तो रद्द करायला फक्त ३० दिवस असतात. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर (ओळख) क्रमांक टाकून नोटीस खरी की खोटी ते पाहा, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, वाचा. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस मात्र वेगळी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे.

अटकेनंतरचे दिवस न मोजणं

६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. टाळेबंदीत तपास यंत्रणांचं म्हणणं होतं की मुदती वाढल्या, मग आमचीही वाढली. १९ जून २०२० ला एस. कासी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं. येस बँक-डीएचएफएल प्रकरणात वाधवान बंधूंना १४ मे २०२० ला कोठडी मिळाली होती आणि वाद एका दिवसाचा होता: कोठडीचा पहिला दिवस धरायचा की नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धरायचा असं ठरवलं आणि जामीन कायम राहिला. ज्या घरचं माणूस आत आहे त्यांनी पहिल्या रिमांडची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. जामिनाचा अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडायला हवा, नंतर तो हक्क उरत नाही.

तुरुंगातली गर्दी कमी करायला तेव्हा अनेकांना तात्पुरता जामीन आणि आपत्कालीन पॅरोल मिळाला. ती सुटका नव्हती. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना १५ दिवसांत हजर व्हायला सांगितलं. अजून कुणी बाहेर असेल तर पोलीस घरी येण्याची वाट न बघता वकिलाबरोबर स्वतः हजर व्हा आणि त्यानंतर नियमित जामीन मागा.

१८८ ची केस आपोआप गेली असं समजणं

मास्क नाही, संचारबंदीत बाहेर पडले, दुकान उघडं ठेवलं, अशा कारणांनी हजारो तरुणांवर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे नोंदले गेले. २०२२ मध्ये राज्य सरकारने हे खटले मागे घ्यायचं ठरवलं, पण सरकारी कर्मचाऱ्यांवर हल्ला झालेली प्रकरणं त्यातून वगळली. निर्णय झाला म्हणजे खटला संपला असं होत नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. पोलीस भरतीची किंवा पासपोर्टची तयारी करत असाल तर आधी त्या ठाण्यातून गुन्हा क्रमांक घ्या आणि कोर्टात केसची स्थिती पाहा. केस काढून टाकली असेल तर त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. अजून चालू असेल तर सरकारी वकिलांना भेटून यादीत तुमचं नाव आहे का ते विचारा. नाव नसेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १९५ चा मुद्दा घ्या: १८८ मध्ये संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही, आणि अनेक प्रकरणांत तशी तक्रार न देता नुसतं आरोपपत्र पाठवलेलं असतं.