माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय? घरच्यांनी या चुका टाळा

माझ्या नवऱ्याची दारू सुटून ११ वर्षं झाली. त्यातली ९ वर्षं मी दर शनिवारी बायकांच्या गटात बसते आहे. नवीन आलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, केंद्रातले ३५ दिवस पूर्ण झाले. आता बरे झाले ना?" अहो, बारा-पंधरा वर्षांचं दुखणं महिन्याभरात कसं बरं होईल? त्यांचे उपचार सुरू झाले, एवढंच झालंय. घराचे तर अजून सुरूही झालेले नाहीत. दारूच्या दिवसांत आपल्याला लागलेल्या सवयी तशाच असतात आणि पुढच्या चुका त्यातूनच होतात.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो चोरून औषध देण्याचा. "न सांगता दारू सोडवा" अशी पत्रकं एसटी स्टँडवर वाटतात, आता मोबाइलवरही येतात. त्या पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. काही जणी डायसल्फिरामच्या गोळ्या मिळवतात आणि कुटून आमटीत घालतात. हे औषध खरं आहे, पण ते पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तर, तब्येत तपासून डॉक्टरच देतात. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी हेच केलं. नवरा केंद्रातून आलेला, दीड महिना चांगला गेला, मग त्यांना संशय आला. सासूने गोळ्या आणून दिल्या. आठव्या दिवशी तो खरंच प्यायला आणि रस्त्यातच कोसळला. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लंय, काय घेतलंय, आणि वहिनी भीतीने गप्प. शेवटी सासू बोलली म्हणून तो वाचला. घरी आल्यावर पाच महिने तो वहिनींच्या हातचं काही खायचा नाही. स्वतः अंडी उकडायचा, स्वतःच सोलायचा आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायचा. चहासुद्धा बाहेर. दारू पुन्हा सुटली, पण ताट एकत्र यायला वर्ष लागलं. घाई झालेल्या प्रत्येकीला मी ही गोष्ट सांगते. शॉर्टकट शोधणाऱ्या नातेवाइकांना तर दोनदा सांगते.

माझी स्वतःची चूक म्हणजे पहारा. हे आले की दारातच जवळ जाऊन वास घ्यायचा, ऑफिसची बॅग उघडायची, स्कूटरची डिकी तपासायची. मला वाटायचं, मी संसार सांभाळतेय. एकदा समुपदेशकांसमोर हे म्हणाले, "पीत होतो तेव्हा जिना चढायची भीती वाटायची नाही. आता वाटते." मी पर्स घट्ट धरून बसले होते, ती तशीच धरून राहिले. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, संध्याकाळी सातचा चहा एकत्र घ्यायचा. मी काही विचारायचं नाही. आज इच्छा झाली होती की नव्हती, ते ह्यांनी आपणहून सांगायचं. फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर ह्यांनीच लिहायची. पद्धत म्हणून कुठे लिहिलेली नाही, आमच्या घरात चालली. डिकीची किल्ली मात्र हातात घ्यायचं थांबायला मला सहा महिने लागले.

"लग्न करून द्या, सुधारेल." कृपा करून नको. कोणाच्या तरी मुलीला औषध समजू नका.

देवासमोर शपथ घ्यायला लावली म्हणजे काम झालं, असं धरून गोळ्या आणि फॉलोअप सोडू नका.

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

मुलांवर "बाबा आता चांगले झालेत, जवळ जा" अशी सक्ती करू नका. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. हे आल्यावर आठवड्याभरात तिच्या सहलीला नाही म्हणाले. ती म्हणाली, "इतकी वर्षं सह्या आईनेच केल्यात." हे गप्प झाले. मग ह्यांनी एकच काम मागून घेतलं, तिला क्लासला सोडायचं. स्कूटरवर ती दोघांच्या मधे सॅक ठेवून बसायची. मी गॅलरीतून बघायचे आणि काही बोलायचे नाही. दिवाळीनंतर कधीतरी सॅक पाठीवर गेली.

आणि स्वतःसाठी गट शोधा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी सहचरी गट आहे. दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी अल-अॅनॉन या गटाच्या सभा असतात. "पितो तो, मी कशाला जाऊ?" असं मीही म्हणाले होते आणि त्यात दोन वर्षं घालवली.

स्लिप झाली, म्हणजे ते पुन्हा प्यायले, तर ती लपवू नका. माहेरी, सासरी दवंडी पिटायची गरज नाही, पण समुपदेशकांना त्याच दिवशी कळवा. कोणी ओळखीचं नसेल तर १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. भांडण दुसऱ्या दिवशी करा. प्यायलेल्या माणसाशी रात्री अकरा वाजता घातलेला वाद त्याला सकाळी आठवत नाही, आणि दाराआड जागी असलेली मुलं मात्र तो विसरत नाहीत.