ऑनलाइन तासात प्रश्न विचारून गैरसमज काढताना या चुका टाळा

०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? चॅटमध्ये पहिलं उत्तर पडतं ‘०.४५’, आणि मागोमाग तेच उत्तर दहा जणांचं. यातल्या किती जणांना खरंच तसं वाटतं आणि किती जणांनी वरचं बघून टाइप केलं, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून ‘उत्तर लिहून ठेवा, मी सांगितल्यावरच पाठवा’ असं आधीच बजावावं.

याहून मोठी चूक म्हणजे लगेच ‘चुकलं’ म्हणून नियम सांगून मोकळं होणं. मूल ‘हो, कळलं’ म्हणतं आणि पुढच्या गणितात तेच करतं. त्याच्याकडे स्वतःचा नियम असतोच: ४५ हे ५ पेक्षा मोठे. पूर्ण संख्यांत त्या नियमाने त्याला कधी दगा दिलेला नाही. तेव्हा आधी ‘कसं ठरवलंस?’ विचारा. मग त्याचाच नियम त्याला अडचणीत आणेल असा प्रश्न टाका: ‘०.५ आणि ०.५० यांत मोठी कोणती?’ कुणी अडखळेल, कुणी बेधडक ‘०.५०’ म्हणेल. वाद घालू नका. स्क्रीनवर शंभर चौकटींची जाळी ठेवा आणि तिन्ही संख्या त्यालाच रंगवू द्या.

‘शेवटी शून्य लावलं तर सोपं जाईल, हो ना?’ हा प्रश्न नव्हे. उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत.

शांततेची भीती ऑनलाइन जास्तच वाटते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात; ३ सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. इथे तर म्यूट काढायचा, टाइप करायचं. मनात दहा आकडे मोजा.

सगळंच प्रश्नांतून काढायचा हट्टही नको. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हे कुणी विचार करून शोधू शकत नाही. ते सरळ सांगा. ‘मग तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा कसा?’ हे मात्र विचारा.

आणि बरोबर उत्तरावर लगेच खूश होऊ नका. जाळी रंगवूनही काही मुलं ‘कमी अंकांची संख्या मोठी’ असा नवाच नियम उचलतात. ०.५ ला तो चालून जातो. पुढच्या तासाला सुरुवातीलाच ०.३ आणि ०.४५ विचारा.