१८१८ मधल्या ख्रिसमसची लव्हस्टोरी लिहिताय? या चुका टाळा

रीजन्सी काळातलं इंग्लंड, बर्फात अडकलेली कंट्री इस्टेट आणि त्यात फुलणारं प्रेम, असं काही मराठीत लिहायला घेतलेल्यांचे ड्राफ्ट मी अगदी आवडीने वाचते, आणि बहुतेक वेळा पहिल्याच पानावर अडखळते कारण दिवाणखान्यात सजवलेलं मोठ्ठं ख्रिसमस ट्री असतं. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. ट्रीची फॅशन लोकांमधे पसरली ती १८४८ नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं ट्रीभोवतीचं चित्र इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमधे छापून आलं तेव्हापासून. राणी शार्लटने १८०० मधे विंडसरला यूचं (यू म्हणजे एक सदाहरित झाड) झाड सजवलं होतं हे खरं, पण ते राजघराणं झालं, तुमच्या डर्बीशायरच्या बॅरोनेटकडे, म्हणजे वंशपरंपरेने 'सर' किताब मिळालेल्या जमीनदाराकडे, ते कुठून येणार? छापील ख्रिसमस कार्ड १८४३ चं, दोन्ही टोकं ओढली की फट् करून उघडणारे कागदी क्रॅकर्स त्यानंतरचे, आणि भेटी वाटणारा सांताक्लॉज तर काढूनच टाका. सायलेंट नाइट पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, तेही ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फमधे, जर्मन भाषेत, त्यामुळे त्याच रात्री इंग्लंडमधली हिरॉइन ते पियानोवर वाजवू शकत नाही.

हे सगळं काढलं की सीन ओकाबोका होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. २४ तारखेला बाहेरून हॉली, आयव्ही, मिसलटो असा हिवाळ्यातही हिरवा राहणारा पाला आणायचा, त्याचा मोठा झुबका करून छताला टांगायचा, आणि त्याखाली एक चुंबन घेतलं की मिसलटोचं एक पांढरं फळ तोडायचं. फळं संपली की चुंबनं बंद! आता बघा, सण संपतो ट्वेल्फ्थ नाइटला, म्हणजे ५-६ जानेवारीला, पाहुणे निघालेत, नोकर सजावट उतरवायला शिडी घेऊन आलाय आणि हिरॉइनला दिसतं की एकच फळ उरलंय. ट्रीखाली गिफ्ट उघडण्यापेक्षा हा सीन कितीतरी सरस आहे, आणि तो त्या काळातूनच आलाय.

उजेडाचंही भान ठेवा. डिसेंबरात तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि काडेपेटी अजून आलेलीच नाही (घासून पेटणारी काडी विकायला आली १८२७ मधे), तेव्हा मेणबत्ती शेकोटीवरून किंवा चकमकीने पेटवा.

पत्रांची चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण तिथे हातातला प्लॉट वाया जातो. हिरो चोरून पत्र पाठवतो आणि ते अलगद तिच्या उशीखाली पोचतं, असं होत नाही हो. पेनी पोस्ट, म्हणजे पाठवणाऱ्याने एक पेनी भरून पत्र देशात कुठेही पाठवायची सोय, आलं १८४० मधे, त्याआधी टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने भरायचे, तेही अंतर आणि कागदांची संख्या बघून. म्हणजे पत्र दारात आलं की पैसे हिरॉइनचे काकाच मोजणार, अक्षर बघणार, आणि लग्न ठरलेलं नसताना मुलगी परपुरुषाशी पत्रव्यवहार करते म्हणजे घरात केवढा गहजब! ही अडचण खोडू नका, तिच्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

लग्नाचंही तेच. ख्रिसमस ईव्हला प्रेम जुळलं आणि ट्वेल्फ्थ नाइटला लग्न, असं असेल तर कॅलेंडर काढा. १७५३ च्या कायद्याप्रमाणे चर्चमधे तीन रविवार जाहीर घोषणा करावी लागायची, आणि १८१८ मधे ख्रिसमसनंतरचे रविवार येतात २७ डिसेंबर, ३ आणि १० जानेवारी. घाई असेल तर बिशपचं लायसन्स काढा, पण लग्न चर्चमधे आणि सकाळी ८ ते १२ मधेच. रात्री घरच्या हॉलमधे लग्न लावायचंय? मग कँटरबरीच्या आर्चबिशपचं स्पेशल लायसन्स हवं. लायसन्सवर लग्न असेल आणि मुलगी २१ पेक्षा लहान असेल तर वडिलांची परवानगीही लागते, नाहीतर हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडमधल्या, सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावाला पळून जा, पण जानेवारीतल्या बर्फात घोडागाडीने, कारण रेल्वे नाहीये.

राहिली हाक मारायची गोष्ट. हिरो अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) असेल तर लॉर्डनंतर टायटल येतं, पाळण्यातलं नाव नाही, बॅरोनेट असेल तर मात्र सर विल्यम. बऱ्याच ड्राफ्टमधे दोघं दुसऱ्याच भेटीत अरेतुरे करतात, नाहीतर ती त्याला 'अहो' म्हणते आणि आपण एकदम सदाशिव पेठेत येऊन पडतो. दोघांनाही 'तुम्ही' म्हणू द्या, मिस आणि लॉर्ड लावून, अगदी भांडतानासुद्धा. इंग्रजीत 'यू' एकच, आपल्याकडे 'तू' आहे, मग तो राखून ठेवा. शिडीवरचा नोकर खाली उतरलाय, ते शेवटचं फळ हिरोच्या तळहातावर आहे, आणि ती पहिल्यांदाच त्याचं नुसतं नाव घेऊन विचारते, "तू उद्या जाणारेस?"